सहा संगणक फरार

साहेब, तुम्हाला मोजता येत नाही.

मागं बोलण्यात अर्थ नाही, म्हणून तोंडावर सांगितलं. तुमच्या कार्यालयाचं नाव इथं घेतलेलं नाही. नाव घेतलं की तुम्ही खुलासा मागता, खुलासा दिला की तो हरवता, आणि हरवला की खुलासा का दिला नाही म्हणून नोटीस काढता. पण ज्या माणसाला एक आणि सात यांतला फरक कळत नाही, त्याला पोरांच्या परीक्षेवर पहारा द्यायला बसवलं कुणी? आणि बसवलं ते बसवलं, एवढ्या मोठ्या लातुरात तुम्ही धरलं कुणाला, तर पंचाक्षरी शेटकाराला. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर हा माणूस भांडत नाही, उतरून चालत जातो. त्याला तुम्ही पेपर फोडणाऱ्या टोळीचा म्होरक्या केलंत.

आता नीट ऐका. पंचनाम्यात तुम्ही जे लिहिलंत ते खोटं आहे, खरं हे आहे.

पंचाक्षरी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. 'शिकवतो' हा शब्द सवयीनं आला. आपल्याकडं पोरांची नावं कॉलेजात असतात आणि पोरं क्लासला असतात. पंचाक्षरी रोज वेळेवर वर्गात जायचा, फळ्यावर तारीख टाकायचा, रिकाम्या बाकांकडं बघायचा आणि घंटा झाली की तारीख पुसून बाहेर यायचा. सरकार पगार देत होतं आणि पोरं येत नव्हती. अशा माणसानं काय करावं? काहीजण प्लॉटचा धंदा करतात, काहीजण राजकारण करतात. पंचाक्षरी व्हिडिओ बघून बघून कॉम्प्युटर शिकला. गुन्हा झाला असेल तर तो एवढाच.

त्यात फोननं कुरापत काढली. 'तुमची जागा संपत आली आहे' असा निरोप रोज यायला लागला. जागा वाढवायची तर महिन्याला भाडं. पंचाक्षरीच्या स्वाभिमानाला हे लागलं. फोटो आपला, फोटोतली बायको आपली, बायकोची साडी आपण घेतलेली, आणि बघायचं भाडं परदेशातल्या कंपनीला? त्यानं ठरवलं, आपला क्लाउड आपल्या घरात.

गंजगोलाईच्या एका गल्लीत सलीमभाईचं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्त होतो की नाही हे नंतरचं, गिऱ्हाइकाचं मन मात्र तिथं हमखास दुरुस्त होतं. सलीमभाईनं हैदराबादहून एका बँकेनं काढून टाकलेला सर्व्हर आणून ठेवला होता.

"सर, ये हाथी है हाथी," सलीमभाई म्हणाला. "बँकेनं पाळलेला. म्हातारा झाला म्हणून सोडला. पण हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, तुम्हाला तर जिताच देतोय."

हत्ती ऑटोतून औसा रोडवरच्या कॉलनीत आला. पंचाक्षरीची बायको सुकन्या दारात आली आणि म्हणाली, "अवो, ह्यो फ्रिज आडवा कामून आणलाव?"

तो चालू केला आणि घर थरथरलं. डाळ मिलमधली चाळणी फिरते ना, तसा आवाज. शेजारचे भुजंगराव, कृषी खात्यातून निवृत्त, भिंतीवरून डोकावले. "सर, डाळीचा धंदा टाकलाव का?"

"नाही हो. क्लाउड आहे."

"मग ईशान्येला ठेवा. ढग तिकडूनच येतेत."

भुजंगराव खात्यात असल्यापासून सल्ले देतात आणि त्यांच्या सल्ल्यानं आजवर एकही पीक आलेलं नाही. तरी पंचाक्षरीनं सर्व्हर ईशान्येच्या खोलीत नेला, कारण सुकन्यालाही तेच पटलं. तिचं कारण वेगळं होतं. सर्व्हरच्या पाठीतून गरम वारा यायचा, आणि दिवस कुरडयांचे होते. गच्चीवर वानरं, खोलीत नाही. दोन दिवसांत सर्व्हरच्या मागं बाज पडली, बाजेवर धोतर, धोतरावर कुरडया. सुकन्या म्हणाली, "एवढं घरात आणलंय तर काईतरी उपेग होऊ दे की त्याचा."

पहिल्यांदा पंचाक्षरीनं सगळ्या भावंडांचा मिळून एकच क्लाउड केला. एक घर, एक चूल. थोरले अण्णा संगप्पा नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात, धाकटा वैजनाथ इथंच लातुरात खताच्या दुकानात, बहीण रत्नम्मा बिलोलीला. सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप एका ठिकाणी येऊन पडतील अशी सोय त्यानं केली. आपोआप! या एका शब्दानं किती घरं फोडली याचा कुणीतरी अभ्यास करायला पाहिजे.

वैजनाथच्या वास्तुशांतीला संगप्पा आला नव्हता. नांदेडहून निरोप आला होता, 'घरात समद्यांना ताप हाय.' आता क्लाउडमध्ये त्याच तारखेचे फोटो आपोआप येऊन पडले. थोरले अण्णा, वय वर्षं अठ्ठावन्न, पाण्याच्या पार्कात निळ्या चड्डीवर घसरगुंडी उतरताना. तोंड उघडं, हात वर. ते वैजनाथची बायको मनिषा हिनं बघितले आणि तिनं पुढं सगळ्या भावकीला दाखवले.

संध्याकाळी वैजनाथ पंचाक्षरीच्या दारात. "दादा, वाटणी करून टाक."

"कशाची रे? फोटोंची?"

"जागेची. माझ्या घरचं माझ्या दारामागं. त्याचा ताप त्याच्या दारामागं."

इथं तुमच्या डोक्यात शिरलं पाहिजे असं एक ज्ञान येतं, साहेब. लक्ष द्या. एका सर्व्हरच्या पोटात अनेक संगणक करता येतात. दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण असतात. शेत एकच, त्यात बांध घालायचे. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं. याच्या तुकड्यातलं त्याला दिसत नाही. विहीर मात्र एक, वीज एक, आणि खालची जमीन एक. हे ज्याला कळत नाही त्यानं मराठवाड्यात नोकरी करू नये.

पंचाक्षरीनं बांध घातले. आमच्याकडं वाटणीचा रिवाज असा की हिस्से पाडायचे थोरल्यांनी आणि पहिला उचलायचा धाकट्यानं. न दिसणारे हिस्से उचलायचे कसे? पण रिवाज तो रिवाज. वैजनाथ खोलीत आला, चपला बाहेर काढल्या, हत्तीला एक फेरा मारला आणि कुरडयांच्या बाजेपाशी उभा राहून म्हणाला, "उगवतीकडची माझी."

पंचाक्षरीनं एम.एस्सी.ची पदवी गिळली आणि म्हणाला, "दिली."

लगेच नांदेडहून फोन. "म्हंजे मला मावळतीची? थोरला मी, आन बुडत्या बाजूची जमीन मला द्यायलास?"

वाटणीत बहिणीला कुणी विचारलं नाही. गावच्या जमिनीच्या वेळी रत्नम्मानं हक्कसोडपत्रावर सही केली होती. लेकीबाळींनी ती करायचीच असते, त्याबद्दल त्यांना साडी मिळते. इथंही भाऊ ते धरूनच चालले होते. पण या सगळ्यांत खरी गरज असली तर तिलाच होती.

रत्नम्माचा नवरा रेवणसिद्ध एसटीत कंडक्टर होता. तीन वर्षांमागं वारला. जिवंत असताना तो ड्युटीवरून तिला फोनवर बोलून निरोप पाठवायचा. रोज, दोन-चार वाक्यांचे. बस सुटली, बस पोचली, डब्यातली भाजी खारट होती. एवढंच. तो गेल्यावर रत्नम्मा ते निरोप ऐकत बसायची. पुढं तिचा फोन भरला, अडकायला लागला. ती लातूरला आली आणि पंचाक्षरीला म्हणाली, "दादा, मला कोपरा बी चालतंय. पर ह्येंचं समदं नीट ठेव."

पंचाक्षरीनं स्वतःच्या हिश्श्यातून तिला तुकडा काढून दिला. रेवणसिद्धाचे सगळे निरोप त्यात नेऊन ठेवले. रत्नम्मानं तिथंच बसून एक ऐकून बघितला आणि खात्री पटल्यावर बिलोलीला जाऊन फोन दुरुस्तीला दिला. दुकानदारानं तो साफ पुसून परत केला. म्हणजे आता रेवणसिद्धाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. सुकन्याच्या कुरडयांपुढं.

पंचाक्षरी मूर्ख नाही. एकाच ठिकाणी ठेवलेलं म्हणजे न ठेवलेलं, हे त्याला ठाऊक होतं. दुसरी प्रत नांदेडला संगप्पाच्या घरी एका डिस्कवर ठेवावी असं त्यानं सुचवलं. वैजनाथ उसळला, "माझ्या घरचं त्याच्या कपाटात? मेलो तरी न्हाई." बरं, मग वैजनाथच्या दुकानात ठेवू. संगप्पा उसळला, "खताच्या वासात माझे नातू ठेवायलास का?" आणि दोघांचं एकमत झालं तर एवढ्यावरच, की कुणा एकाचंच ठेवायचं नाही. ठेवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. काहीच नाही राहिलं. पंचाक्षरीनं मनात म्हटलं, सुट्टीत दोघांचा राग निवळला की बघू.

राग निवळायच्या आत बांध कोरणं सुरू झालं. संगप्पाच्या घरचे लग्नाचे लांबलचक व्हिडिओ चढवायला लागले की वैजनाथचे फोटो उघडायला वेळ लागायचा. लगेच वैजनाथचा फोन. "दादा, त्यानं माझा बांध कोरलाय. मोजणी आण." न दिसणाऱ्या जमिनीची मोजणी! पंचाक्षरीनं सगळ्यांना समान वाटा लिहून दिला, तरी दोघांचा विश्वास बसला नाही. आपल्याकडं खऱ्या मोजणीवर बसत नाही, तिथं हिच्यावर कुठला बसायला.

गावात बातमी फिरली तशी मागणी वाढली. सलीमभाईनं आपल्या घरासाठी एक तुकडा घेतला, "सर, जेबाच्या शादीचा व्हिडिओ ठेवतो, दामादचा भरोसा नाही." सुकन्याच्या महिला मंडळाला एक. भुजंगरावांनाही एक, कारण भिंत सामायिक होती. म्हणजे तीन भाऊ, एक बहीण, एक सलीमभाई, एक मंडळ, एक भुजंगराव. सात. पण भुजंगरावांना कुणीतरी सांगितलं की सलीमचा तुकडा तुमच्यापेक्षा मोठा आहे. त्या दिवसापासून ते भिंतीवरून डोकावायचे बंद झाले. पुढं तुमच्याकडं निनावी फोन कुणी केला, हे इथं लिहीत नाही. निनावी माणसाचं नाव घेणं बरं नव्हे.

मग परीक्षेचे दिवस आले आणि तुम्ही आलात.

जीप कॉलनीत शिरली. तुम्ही, दोन शिपाई, एक कॅमेरेवाला. पंचाक्षरी बनियनवर होता. तुम्ही विचारलंत, "रसायनशास्त्र शिकवता?"

"हो."

"पोरं येतात?"

"नाही."

"मग घरात एवढी वीज कशाला लागते?"

पंचाक्षरीनं तुम्हाला खोलीत नेलं, अभिमानानं नेलं. त्याला वाटलं, शासनानं अखेर दखल घेतली. तुमच्या शिपायानं पहिल्यांदा कुरडया जप्त केल्या. सुकन्या म्हणाली, "अजून वल्ल्या हायत्या," तेव्हा सोडल्या. मग तुम्ही पडद्यावर बघितलंत आणि तुमचा चेहरा खुलला. ओळीनं सात नावं, सगळी चालू.

"सात संगणक चालू दिसतात. इथं एकच आहे. बाकीचे सहा कुठं लपवलेत?"

"साहेब, ते यातच आहेत."

"यात कुठं?"

"आत. आभासी आहेत."

तुम्ही शिपायाला झाकण उघडायला लावलंत. आत सहा संगणक निघाले नाहीत. धूळ निघाली आणि एक कुरडई. त्यावरून तुम्ही पंचनाम्यात लिहिलंत, 'घटनास्थळी सातपैकी एक संगणक मिळून आला, उर्वरित सहा संगणक फरार.' साहेब, फरार! पायानं गेले की ऑटोनं, तेवढंही नोंदवायचं होतं. आणि हत्तीची वायर उपटून, सील ठोकून, जीपमध्ये टाकून नेलात. सगळ्या कॉलनीनं बघितलं. वीस वर्षं ज्या माणसाला लोक 'सर' म्हणत होते, त्याला दुधवाल्यानं त्या दिवशी हळूच विचारलं, "काका, पेपर कितीला देता? माझा भाचा हाय."

पंचाक्षरीला पेपरचं काही वाटलं नाही. 'काका' लागलं.

रत्नम्माला फोन करायला त्याचा हात धजेना. शेवटी सुकन्यानं केला. रत्नम्मा म्हणाली, "वैनी, वायर उपटल्यावर त्येंला काई हुत न्हाई ना?" एवढंच विचारून ती बिलोलीच्या स्टँडवर गेली.

तुमच्या कार्यालयात पंचाक्षरीनं चकरा मारल्या. कुठं झेरॉक्स, कुठं सही, कुठं 'साहेब दौऱ्यावर'. कारकुनानं सांगितलं, "एक सोडवायचा तर बाकीचे सहा हजर करा." आणि नियम काढला, साती मालकांनी ओळखपत्रासह एकाच दिवशी यायचं.

आले. संगप्पा नांदेडहून पहाटेच्या एसटीनं आला, वैजनाथ दुकान बंद करून आला. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले, मधे रत्नम्मा. सलीमभाई लॅपटॉप आणि वायरींची पिशवी घेऊन आला. मंडळाच्या बायका आल्या. भुजंगराव आले आणि म्हणाले, "माझा यांच्याशी काही संबंध नाही." तुम्ही लिहिलंत, 'एक संगणक बेवारस.'

मग तुम्ही विचारलंत, "हे एक आहे की सात?"

पंचाक्षरी उठला. किती वर्षांनी त्याच्यासमोर भरलेला वर्ग होता! त्यानं तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर शेत काढलं, बांध काढले, विहीर काढली. शिपाईसुद्धा ऐकत उभे राहिले. तो इतका छान बोलला की तुम्हाला आणखी संशय आला.

"एक असेल तर मालक एक, बाकीच्यांनी जावं. सात असतील तर सहा आणून दाखवा."

"माझा वेगळा हाय, साहेब," वैजनाथ म्हणाला. "उगवतीचा."

"वाटणी झालेली हाय," संगप्पा म्हणाला. त्या दिवसांत दोघं एकमेकांच्या बाजूनं बोलले ते एवढंच, आणि तेही घात करायला.

तेव्हा रत्नम्मा उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतला. "साहेब, आमी चार भावंडं एका आईच्या पोटातून आलो. मंग तुमी चार आया हुडकत बसता का? आई येकच हाय. तिला सोडा, लेकरं तिच्यातच हायत."

पंख्याचं पातं करकरत होतं. तुम्ही घसा साफ केलात आणि म्हणालात, "आत काय आहे ते तपासावं लागेल."

गोदामातून हत्ती आणला. सलीमभाईनं वायरी जोडल्या. हत्ती उठला तसं सगळं कार्यालय हादरलं, शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. तुम्ही बोट ठेवलंत ते नेमकं रत्नम्माच्या तुकड्यावर. कोपऱ्यातल्या, सगळ्यांत लहान. सलीमभाईनं दाबलं.

"रतने, किनवटच्या गाडीवर हाय. दोन नग घेतलेत. जावंला दावू नको, फडक्यात गुंडाळून ठेवू. उद्या दुपारपत्तूर येतो. तू जेवून घे, माझी वाट बघत बसू नको."

संगप्पानं गळ्यातला टॉवेल तोंडाला लावला. "दाजी," एवढंच म्हणाला. वैजनाथ सरकत सरकत बाकाच्या मधोमध आला होता. सलीमभाई वायरीकडं बघत राहिला. रत्नम्मा रडली नाही. ती म्हणाली, "आनिक येकदा लावा."

पण तुम्ही पेन उघडलंत. "दोन नग म्हणजे काय?"

"सीताफळं, साहेब."

"कुठं आहेत?"

"खाल्ली की."

"लपवून ठेवा असं का म्हणतोय हा?"

"जाऊ लई खादाड हाय, साहेब."

"आवाज कुणाचा?"

"मालकाचा."

"त्यांचा जबाब घ्यावा लागेल."

"वारले, साहेब."

"मृत्यूचा दाखला?"

"मूळ कागद पेन्शनच्या फायलीला लावलाय. फोटो काढून ठिवलेला ह्येच्यातच हाय." तिनं हत्तीकडं बोट दाखवलं. तो उघडून बघायचा, तर तुमच्या कारकुनानं तेवढ्यात वायर काढली होती. जेवणाची सुट्टी झाली होती.

त्या संध्याकाळी पंचाक्षरीच्या घरी दोन्ही भाऊ एका ताटाळ्यातून ताटं घेऊन जेवायला बसले, आणि जेवता जेवता भांडले. यावेळी उलटं. रत्नम्माची प्रत माझ्या घरी ठेवायची, नाही माझ्या. संगप्पा म्हणाला, "देव्हाऱ्यात ठेवतो." वैजनाथ म्हणाला, "माझी उगवतीची जागा समदीच तिला दे, मी काय करतो एवढ्या जागेला." पंचाक्षरी भाकरी मोडत होता. भाऊ तयार झाले, पण प्रत काढायची कशाची? मूळच तुमच्या गोदामात.

आणि आठवड्यानं बिलोलीला नोटीस आली. तुमच्या सहीची, तुमच्या शिक्क्याची. 'श्री. रेवणसिद्ध यांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता, सदर दोन नगांसह, जबाबासाठी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल.' रत्नम्मानं ती वाचून घेतली, पोस्टमनला पाणी दिलं आणि विचारलं, "ह्ये त्येंला कुठल्या पत्त्यावर द्यायचं?"

सोमवारी ती येणार आहे, साहेब. तिन्ही भाऊ तिच्याबरोबर येणार आहेत, सलीमभाई येणार आहे, मंडळाच्या बायका येणार आहेत. ती तुमच्या टेबलासमोर उभी राहून एकच विचारणार आहे, आणि तेच आज इथं सगळ्यांसमोर विचारून ठेवतो. माणूस हजर करा असा तुमचा हुकूम आहे. जगात त्याचं जेवढं उरलंय तेवढं तुम्ही कुलपात ठेवलंय. मग तिनं त्याला आणायचं कुठून?

वरिष्ठांचं मार्गदर्शन नको. दौऱ्यावर जाऊ नका. लेखी उत्तर द्या.